अठ्ठावन्नांतले चार : बडोद्याचा शिष्यवृत्तीधारक मानवशास्त्राच्या वर्गात

कोलंबिया विद्यापीठातल्या नोंदींवरून अभ्यासकांनी एक मोजदाद दिलेली आहे. १९१३ ते १९१६ या तीन वर्षांत भीमराव आंबेडकरांनी तिथे अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम घेतले, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानवशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३. फ्रेंच आणि जर्मन भाषांचे प्राथमिक वर्ग वेगळे. म्हणजे मानवशास्त्राच्या वाट्याला आले अठ्ठावन्नांतले चार, शेकडा सात. मुख्य विषय अर्थशास्त्र, हा विषय तोंडी लावण्यापुरता. पण त्यांचा पहिला छापील शोधनिबंध आला तो या चारांतून, एकोणतिसांतून नव्हे. आणि हा सगळा खर्च केला होता आपल्या बडोदे सरकारने.

आपल्याकडे हा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: 'त्याचा उपयोग काय?' मूल इंजिनीअरिंग, वाणिज्य किंवा कायदा शिकत असेल आणि जोडीला मानवशास्त्र घेतो म्हणालं, तर घरात शांतता पसरते. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मुख्य विषयाच्या जोडीला दुय्यम विषय घ्यायची वाट मोकळी केली, तरी प्रश्न तोच आहे. भाषणं देऊन तो सुटणार नाही. एखादा खरा नमुना घेऊन तपासावा लागेल. त्यासाठी 'कास्ट्स इन इंडिया' या विसेक पानी निबंधाइतका चांगला नमुना मला दिसत नाही. तो वंदनीय आहे म्हणून घेतलेला नाही. जोडविषय कुठे कामाला येतो आणि कुठे कमी पडतो, हे दोन्ही त्यात स्वच्छ दिसतं, म्हणून घेतला आहे.

आधी प्रसंगाची नोंद. सयाजीराव महाराजांच्या सरकारने आंबेडकरांना तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. शिक्षण संपल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची, असा करार जून १९१३ मध्ये झाला. १९१५ मध्ये ते एम. ए. झाले. ९ मे १९१६ रोजी अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चावर्गात त्यांनी हा निबंध वाचला. तेव्हा त्यांचं वय पंचवीस. वर्षभराने, मे १९१७ मध्ये, 'इंडियन अँटिक्वरी'त तो छापून आला. पुढे १९७९ मध्ये महाराष्ट्र शासनाने काढलेल्या समग्र वाङ्मयाच्या पहिल्याच खंडात तो घेतला गेला. आज तो सहज वाचायला मिळतो, आणि म्हणूनच बहुधा त्याचा नुसता उल्लेख करून पुढे जायची सवय लागली आहे.

गोल्डनवायझर कोण, हे माहीत असल्याशिवाय निबंधाची घडण कळत नाही. ते फ्रान्झ बोआस यांचे विद्यार्थी. स्वतः बोआस हे मूळचे भौतिकशास्त्राचे पदवीधर, तिथून भूगोलात आणि भूगोलातून मानवशास्त्रात आलेले. म्हणजे हा विभागच मुळी दुसऱ्या विषयांतून आलेल्या माणसांनी उभा केलेला. गोल्डनवायझर यांचा १९१०चा प्रबंध कुलचिन्हांच्या प्रथेवर, म्हणजे टोटेमवादावर होता. तोवर टोटेमवाद ही एकच एक वस्तू आहे असं धरून विद्वान तिचा उगम शोधत होते. गोल्डनवायझर यांनी ती वस्तू उकलून दाखवली. प्राण्याचं नाव लावणं वेगळं, त्या प्राण्याला पवित्र मानणं वेगळं, कुळाबाहेरच लग्न करण्याचा नियम वेगळा. कुठे हे तिन्ही एकत्र सापडतात, कुठे नाही. आपण एक नाव दिलं म्हणून वस्तू एक होत नाही.

आंबेडकरांनी हीच रीत 'जात' या शब्दावर चालवली. निबंधाच्या सुरुवातीला ते चार जणांच्या व्याख्या पुढ्यात घेतात. फ्रेंच विद्वान सेनार, इंग्रज अधिकारी नेसफील्ड आणि रिस्ले, आणि चौथे आपले श्रीधर व्यंकटेश केतकर. पुढे ज्ञानकोशकार झालेले केतकर अमेरिकेत कॉर्नेलला शिकत असताना १९०९ मध्ये त्यांचं जातीच्या इतिहासावरचं इंग्रजी पुस्तक आलं होतं. विटाळाची कल्पना हे सेनारांना जातीचं लक्षण वाटलं. आंबेडकर म्हणतात, विटाळ ही पौरोहित्याबरोबर येणारी गोष्ट, ती जातीपुरती नाही. परक्याच्या पंक्तीला न बसणं हे नेसफील्डने लक्षण धरलं. आंबेडकर म्हणतात, हा परिणाम झाला, कारण नव्हे. रिस्लेमध्ये नवं काही नाही म्हणून ते पुढे जातात. केतकरांना मात्र ते मान देतात. केतकरांनी दोन लक्षणं सांगितली होती: जातीत जन्मलेलाच जातीचा, आणि जातीबाहेर लग्न नाही. आंबेडकरांचं म्हणणं असं की ही दोन लक्षणं नाहीतच, एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. बाहेर लग्न बंद केलं की आत फक्त जन्मानेच येता येणार. उरतं एकच लक्षण, अंतर्विवाह.

इथे बडोद्यातल्या दुसऱ्या एका पुस्तकाशी तुलना करून बघा. १९११च्या बडोदे संस्थानच्या जनगणनेचं काम पाहणारे गोविंदभाई देसाई यांनी १९१२ मध्ये संस्थानातल्या जाती-जमातींचा एक कोश इंग्रजीत काढला. फार उपयोगी ग्रंथ, आजही हाताशी असावा असा. कोणती जात, कुठे राहते, काय करते, हे त्यात वर्णानुक्रमे सापडतं. पण अशा यादीत प्रत्येक जात एकेकटी उभी असते. आंबेडकरांचा मुद्दा नेमका उलटा आहे: एकटी जात ही गोष्टच संभवत नाही. एका गटाने स्वतःभोवती कुंपण घातलं की बाकीचे आपोआप कुंपणाबाहेर पडतात आणि त्यांचेही गट ठरतात. यादीला दिसत नाही ते संबंधांना दिसतं. मानवशास्त्राच्या वर्गाने अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला दिलेली ही पहिली गोष्ट. ती काही माहिती नव्हती. जातीची माहिती त्यांना कोलंबियाने द्यावी अशी परिस्थिती होती थोडीच! जे अंगावरून गेलेलं आहे ते बाहेरच्या माणसासारखं समोर ठेवून त्याचे भाग मोजण्याची रीत त्यांना तिथे मिळाली.

आता उलट बाजू. मानवशास्त्राने अर्थशास्त्रज्ञाला काय दिलं हे सगळेच सांगतात. अर्थशास्त्रज्ञाने मानवशास्त्राला काय दिलं, हे फारसं कुणी विचारत नाही. माझ्या मते निबंधाचा सगळ्यात ताकदीचा भाग तिथेच आहे.

आंबेडकर विचारतात, एखाद्या गटाला आतल्या आतच लग्नं करायची असतील, तर तो गट टिकवायचा कसा? लग्नाच्या वयाच्या स्त्रिया आणि पुरुष यांची संख्या सारखी राहिली पाहिजे. पण मरण काही जोडीने येत नाही. नवरा आधी गेला तर एक स्त्री शिल्लक उरते, बायको आधी गेली तर एक पुरुष. हे शिलकी माणूस बाहेर लग्न करील तर कुंपण मोडतं. आत दुसरं लग्न करील तर दुसऱ्या कुणाचा तरी जोडीदार खातं. म्हणजे शिल्लक निकालात काढलीच पाहिजे. विधवेसाठी दोन वाटा: नवऱ्याबरोबर जाळणं किंवा सक्तीचं वैधव्य. विधुराला जाळता येत नाही, तो पुरुष आहे आणि गटाला त्याचे हात हवे आहेत. त्याला संन्यासी करावं तर गटाची वाढ खुंटते. मग त्याला बायको द्यायची ती अजून लग्नाच्या वयात न आलेल्यांतून, म्हणजे बालवधू. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह या तीन रूढी एकाच हिशेबाच्या तीन ओळी आहेत, असं हा निबंध दाखवतो.

आयुष्यातली बरीच वर्षं मी कारखान्यात काढली. तिथे रोज एक ताळा करावा लागतो: आत किती आलं, बाहेर किती गेलं, साठलं किती. जुळलं नाही तर कुठेतरी गळती आहे. निबंधाचा हा भाग वाचताना तोच ताळा दिसतो. रूढींची स्तुती किंवा निंदा करणारं लेखन तेव्हाही खूप होतं. या रूढी कोणतं काम करतात, असं हिशेबाने विचारणारं विरळा. आणि तो हिशेब त्यांना सुचला, कारण दिवसाचा बाकीचा वेळ ते मागणी, पुरवठा आणि शिल्लक यांतच घालवत होते.

या हिशेबाने आपल्याच संस्थानचा एक कायदा वाचून बघा. सयाजीरावांनी १९०४ मध्ये बाललग्नाला बंदी करणारा कायदा केला. बडोद्यात कायद्याला 'निबंध' म्हणत, हे जुन्या बडोदेकरांना आठवत असेल. हा कायदा संस्थानच्या पुरोगामी कामगिरीत आपण अभिमानाने मोजतो, आणि मोजावाही. पण आंबेडकरांचा निबंध संस्थानच्या या 'निबंधा'ला एक अवघड प्रश्न घालतो. बाललग्न हा यंत्राचा एक भाग असेल, तर यंत्र तसंच ठेवून एक भाग काढल्याने काय होईल? कुंपण शाबूत, शिल्लकही तेवढीच. ती दुसरीकडून वाट काढणार. अशा कायद्यांचं यश नुसत्या खटल्यांच्या आणि दंडाच्या आकड्यांवरून ठरवता येत नाही, ते याचमुळे.

असो. इथवर निबंधाचं सामर्थ्य सांगितलं. आता त्याच्या उणिवा, आणि त्याही गुजरातच्या पुराव्याने, कारण तो पुरावा आपल्या अंगणातला आहे.

पहिली उणीव हिशेबातलीच. आंबेडकरांनी गट बंद टाकीसारखा धरला आहे: आतून बाहेर नाही, बाहेरून आत नाही. पण गुजरातेत अनेक जातींत मुली खालच्या घरातून वरच्या घरात द्यायची रीत होती. चरोतरच्या पाटीदारांचं उदाहरण प्रसिद्ध आहे. नडियाद, करमसद, वसो, धर्मज, भादरण आणि सोजित्रा ही सहा गावं कुळाने सर्वांत वरची. त्यांतली शेवटची चार बडोदे संस्थानच्या हद्दीत. या गावांत मुलगी देण्यासाठी खालची गावं मोठाले हुंडे मोजत. जातीच्या आतच असा वर चढणारा प्रवाह असला की शिल्लक सारखी वाटली जात नाही. वरच्या टोकाला मुली जास्त, कारण त्यांना त्याहून वरचं घरच नाही. खालच्या टोकाला मुलींची टंचाई. एकूण बेरीज जुळते, पण टाकीच्या दोन टोकांना पातळी वेगळी.

आणि मग वरच्या टोकाची शिल्लक कशी काढायची? त्याचं उत्तर गुजरातच्या इतिहासात लिहिलेलं आहे, आणि ते निबंधात नाही. मुलगी शिल्लक व्हायच्या आधीच, जन्मताच मारणं. काठियावाडातल्या जाडेजा राजपुतांमधल्या या प्रथेविरुद्ध पहिली मोठी मोहीम १८०७-०८ मध्ये चालवली ती बडोद्याचे रेसिडेंट अलेक्झांडर वॉकर यांनी. खेडा जिल्ह्यातल्या कुलीन पाटीदारांवरही इंग्रज अधिकाऱ्यांचा हाच संशय होता, आणि १८७० मध्ये बालिकाहत्येविरुद्ध कायदा करावा लागला. आंबेडकरांच्या ताळ्यात विधवा आणि विधुर आहेत, नवजात मुलगी नाही. नवराबायकोंतल्या एकाच्या मृत्यूपासून त्यांनी हिशेब सुरू केला, म्हणून जन्मापाशी होणारी 'दुरुस्ती' त्यांच्या नजरेबाहेर राहिली.

गंमत अशी की हाच पाटीदारांचा पुरावा पुढे जाऊन त्यांच्या मूळ सिद्धांताला बळकटी देतो. वरच्या गावांची मागणी परवडेना, तेव्हा खालच्या गावांनी आपापले 'गोळ' बांधले: इतकी गावं मिळून एक वर्तुळ, मुली आपसांतच द्यायच्या-घ्यायच्या, बाहेर दिली तर दंड. स्वतःच्या गावात लग्न नाही आणि गोळाबाहेरही नाही. बहिर्विवाहावर चढवलेला अंतर्विवाह! आंबेडकरांनी जातीच्या उत्पत्तीचं जे सूत्र अनुमानाने मांडलं होतं, ते इथे लोकांच्या आठवणीतल्या काळात घडलेलं दिसतं. डेव्हिड पोकॉक यांचं १९७२चं 'कणबी अँड पाटीदार' हे पुस्तक वाचताना या निबंधाची पानं शेजारी उघडी ठेवावीत, इतकं ते जुळतं.

दुसरी उणीव अनुकरणाच्या मुद्द्यात आहे. जात पसरली कशी? आंबेडकरांचं उत्तर: मनूने लादली नाही, कुणा एकाने लादावी इतकी ती लहान गोष्ट नाही. पुरोहितवर्गाने आधी स्वतःचं दार लावून घेतलं. बाकीच्यांपैकी काहींनी त्यांचं अनुकरण केलं, काहींना दारं आधीच बंद झालेली आढळली. यासाठी त्यांनी गाब्रिएल तार्द या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाच्या अनुकरणाच्या नियमांचा आधार घेतला. नियम तोडणाऱ्याला बाहेर टाकलं की बहिष्कृतांची नवी जात होते, हेही सांगितलं. पुढे, १९५१ मध्ये, एम. एन. श्रीनिवास आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात समाजशास्त्र विभाग उभा करायला आले. त्यांची 'संस्कृतीकरणा'ची कल्पना याच अनुकरणाबद्दल बोलते. पण दोघांच्या बोलण्यात फरक आहे. श्रीनिवासांचं लक्ष अनुकरणाने वर चढणाऱ्या जातीकडे होतं. आंबेडकरांचं लक्ष अनुकरणाने बंद होणाऱ्या दाराकडे होतं.

या दाराचा पुढचा दाखला स्वतः बडोद्याने दिला. निबंध छापला गेला मे १९१७ मध्ये. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात आंबेडकर करारानुसार संस्थानच्या नोकरीवर हजर झाले, आणि त्यांना राहायला जागा मिळेना. पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत त्यांनी हे सविस्तर लिहिलं आहे. पारशी धर्मशाळेत ते पारशी नाव लावून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात उभे राहिले. एका हिंदू मित्राने सांगितलं, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसऱ्या, ख्रिस्ती मित्राने बायकोला विचारायला हवं म्हणून टाळलं. ते दांपत्य मूळचं ब्राह्मण होतं. मुंबईची गाडी सुटेपर्यंतचे तास त्यांनी कमाटीबागेत काढले. आज तिथल्या संकल्पभूमीला लोक वंदन करायला जातात.

आपण हा प्रसंग करुण कथा म्हणून सांगतो. मी तो निबंधाची चाचणी म्हणून वाचायला सुचवतो. पारशी हिंदू नाहीत, मनुस्मृती त्यांना लागू नाही, तरी दार बंद झालं. धर्म बदललेल्या घरातही रूढी मुक्कामाला राहिली. म्हणजे ही गोष्ट शास्त्राज्ञेने चालत नाही, शेजाऱ्यांकडे बघून चालते, हे निबंधातलं म्हणणं खरं ठरलं. पण काठ्यांचं काय? अनुकरण हा शब्द मऊ आहे. त्यात कुणी कुणाला मारत नाही. बारा माणसं काठ्या घेऊन येतात, तेव्हा नुसतं अनुकरण नसतं, पहारा असतो. हिंदू मित्राला भीती होती नोकर जाण्याची, म्हणजे अगदी व्यवहारातल्या नुकसानीची. हा दंड कोण करतं, त्याचा खर्च कोण सोसतं आणि फायदा कुणाला, हे प्रश्न निबंधाने जवळजवळ सोडूनच दिले आहेत.

तिसरी उणीव यातूनच निघते, आणि ती सर्वांत मोठी. निबंधात अस्पृश्यतेचं स्वतंत्र विवेचन नाही, आणि जमीन तर नाहीच. २९ अभ्यासक्रम अर्थशास्त्राचे, पण जातीची मांडणी करताना शेत, वतन, मजुरी, कर्ज यांचा पत्ता नाही. शिलकीचा हिशेब घेतला, मालमत्तेचा घेतला नाही. मानवशास्त्राच्या वर्गात त्यांनी अर्थशास्त्राची रीत नेली, मजकूर बाहेरच ठेवला.

मजकूर आला तो पुढच्या वर्षी, आणि पुन्हा बडोद्याच्याच निमित्ताने. विखुरलेल्या लहान शेतजमिनींचा विचार करायला बडोदे सरकारने एक समिती नेमली होती. तिचा अहवाल १९१७चा. १९१८ मध्ये आंबेडकरांनी भारतातल्या लहान धारणक्षेत्रांवर लेख लिहिला आणि त्यात या समितीच्या मांडणीची कसून तपासणी केली. जमीन किती लहान हा खरा प्रश्न नाही, असं ते म्हणाले. तिच्यावर किती रिकामे हात टेकलेले आहेत, हा प्रश्न आहे. त्या हातांना कारखान्यात काम मिळाल्याशिवाय नुसतं तुकडे जोडून भागणार नाही. दोन वर्षांपूर्वी शिल्लक विधवा आणि शिल्लक विधुर मोजणारा माणूस आता शेतावरची शिल्लक माणसं मोजत होता. ज्या शहराने त्यांना राहायला खोली दिली नाही, त्याच शहराच्या सरकारी अहवालाचं त्यांनी असं थंड डोक्याने परीक्षण केलं. त्यात तक्रारीचा सूर नाही. १९२५च्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवरच्या पुस्तकाची अर्पणपत्रिकाही शिक्षणाला केलेल्या मदतीबद्दल सयाजीरावांच्याच नावे आहे.

या दोन वाटा एकत्र आल्या १९३६च्या 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये. जात ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हा त्यातला मुद्दा ना नुसत्या अर्थशास्त्राला सुचला असता, ना नुसत्या मानवशास्त्राला. आणि उपाय म्हणून ते जिथे आंतरजातीय लग्नापाशी येतात, तिथे १९१६चा निबंध उभा आहे: जात म्हणजे अंतर्विवाह असेल, तर ती तिथेच तोडावी लागेल. जोडविषयाचं फळ पदरात पडायला वीस वर्षं लागली. 'उपयोग काय' असं दुसऱ्याच वर्षी विचारणाऱ्याला हे दिसणार नाही.

एक धोका सांगायला हवा, नाहीतर हे लेखन जाहिरात होईल. जोडविषय म्हणून मानवशास्त्र घेणारे त्या काळात आणखीही होते. हर्बर्ट रिस्ले मुलकी अधिकारी, १९०१च्या जनगणनेचे आयुक्त. त्यांनी मानवशास्त्राचा अभ्यास मनापासून केला आणि त्यातून काय काढलं? नाकाची रुंदी-लांबी मोजून जातींची उतरंड. वरच्या जातीचं नाक अरुंद, खालच्या जातीचं रुंद. आंबेडकरांनी १९१६ मध्ये वंश आणि रंग यांवरून जात समजावणाऱ्या युरोपीय मताला नकार दिलाच होता. १९४८च्या अस्पृश्यांवरच्या ग्रंथात त्यांनी घुर्ये यांनी अभ्यासलेली शरीरमापनाची आकडेवारी घेऊन वंशाचा सिद्धांत त्याच्याच फूटपट्टीने पाडला. दोघांनी तोच विषय जोडीला घेतला होता. रिस्लेनी तो दुसऱ्यांना खणांत बसवायला वापरला, आंबेडकरांनी खण कोणी आणि कसे केले ते बघायला. मराठीत आपण या शास्त्राला अजून 'मानववंशशास्त्र' म्हणतो. त्यातला 'वंश' रिस्लेच्या बाजूचा आहे. मी 'मानवशास्त्र' म्हणतो ते एवढ्यासाठी.

हे आपल्यासारख्या इतिहासप्रेमींनाही लागू आहे. आपल्याकडे बडोद्याच्या मराठी घराण्यांचे कुळवृत्तांत आहेत, बखरी आहेत, वाड्यांचे नकाशे आहेत. आपण त्यांतून कर्तबगार पुरुष वेचतो, सनदांच्या तारखा लावतो, वाड्याच्या खांबांवरचं नक्षीकाम टिपतो. मी इंजिनीअर, मला खांब आवडतात. पण वंशावळीत मुली कुठे दिल्या आणि सुना कुठून आणल्या, या दोन रकान्यांकडे आपण ढुंकूनही बघत नाही. पुण्याहून, साताऱ्याहून इथे आलेलं घराणं किती पिढ्या दक्षिणेतूनच मुली आणत राहिलं? केव्हापासून बडोद्यातल्या बडोद्यात सोयरिकी झाल्या? गुजराती शेजाऱ्यांच्या गोळांकडे बघून आपणही एखादं वर्तुळ आखलं का? विधवांची नावं पुढच्या पिढीच्या नोंदीत का गळतात? हे प्रश्न विचारायला नवी कागदपत्रं लागत नाहीत, हातातलीच पुन्हा वाचावी लागतात.

बडोद्यात असं वाचन झालेलं आहे. श्रीनिवासांच्या विभागातले ए. एम. शाह यांनी आर. जी. श्रॉफ यांच्या साथीने गुजरातच्या वहीवंचा बारोटांवर, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी पिढ्यान्‌पिढ्या वह्यांत लिहून ठेवणाऱ्या जातीवर, १९५८ मध्ये शोधनिबंध लिहिला. वहीत काय लिहिलंय एवढंच न बघता ती कोण लिहितो, कुणासाठी आणि कशाच्या मोबदल्यात, हे त्यांनी पाहिलं. इतिहासाचं साधन तेच, पण त्याला विचारलेला प्रश्न मानवशास्त्राचा.

तेव्हा जोडविषयाबद्दल माझं म्हणणं एवढंच आहे. मानवशास्त्र तुम्हाला वेगळी नोकरी देईल की नाही, यावर मी बोलत नाही. ते तुमच्या मुख्य विषयाला एक असा प्रश्न देतं, जो त्या विषयाला स्वतःहून सुचत नाही. आणि तुमचा मुख्य विषय पक्का असेल, तरच तुम्ही मानवशास्त्राला काही परत देऊ शकता. अर्थशास्त्र पक्कं नसतं तर शिलकीचा ताळा निघाला नसता, आणि गोल्डनवायझर यांचा वर्ग नसता तर तो ताळा जातीवर लागला नसता.

मंडळाच्या सभासदांना एक काम सुचवतो. आपल्या किंवा परिचयाच्या एका घराण्याचा कुळवृत्तांत घ्या. किमान चार पिढ्यांतल्या लेकी आणि सुना यांची माहेरं-सासरं, गाव आणि सालासकट, एका कागदावर लिहून काढा. दहा घराण्यांचे कागद जमले की मांडणी करून बघू. निबंधातला सिद्धांत बडोद्याच्या मराठी मंडळींना कुठवर लागू पडतो, ते तिथे दिसेल.